कुणालाही सांगणार नाही

अलकनंदा दामले दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. मुलगा हॉस्टेलवर गेला आणि घर रिकामं वाटू लागलं, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी तिने एका संशोधन संस्थेत काम धरलं. शाळाशाळांत जाऊन मुलांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. साल २००२. नोएडात जिकडे तिकडे नव्या शाळा उघडत होत्या, आणि संस्थेचा विषय होता, मुलं शाळेत येतात कशी.

वर्गात शिरल्यावर ती हिंदीत सांगायची, "नाव लिहायचं नाही. तुम्ही लिहिलेलं मी कुणालाही सांगणार नाही."

एका संध्याकाळी चौथीचे कागद तपासताना तिला हे वाचायला मिळालं: 'निळ्या व्हॅनचे अंकल गाडी चालवताना झोपतात. मी पुढे बसते आणि त्यांना चिमटे काढते. कुणाला सांगू नका, त्यांची नोकरी जाईल.'

कागद हातात धरूनच ती फोनकडे गेली. शाळेत फोन कुणी उचलेना, म्हणून तिने संस्थेच्या श्रीरंग सरांना लावला.

"आपण शाळेला लेखी दिलंय, अलकनंदाताई. गुप्तता म्हणजे गुप्तता. आणि लहान मुलं काय, काहीही लिहितात."

"खरं असलं तर?"

"सोमवारी मीटिंगमध्ये बोलू."

सोमवारला चार दिवस होते.

सकाळी पहिल्या बसने ती नोएडाला गेली आणि शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. एकेक व्हॅन रिकामी होऊन गेली. घंटा झाली तरी निळी आली नाही. मुख्याध्यापिकांचं घर शोधून कालच का गेलो नाही आपण? लांबून कुठला तरी हॉर्न वाजला की ती दचकायची.

बारा मिनिटांनी निळी व्हॅन आली. पुढच्या सीटवरच्या मुलीने ड्रायव्हरची बाही घट्ट धरली होती.

अलकनंदाने तिला बाजूला घेतलं. शिवांगी तिचं नाव.

"बेटा, ये बात मुझे बड़ी मॅडम को बतानी पड़ेगी."

"आपने बोला था, किसी को नहीं बताएँगी!"

"बोला था. मुझे ऐसा बोलना नहीं चाहिए था. तुम्हारा नाम नहीं लूँगी."

पण ड्रायव्हर काचेतून दोघींकडे बघत होता. शिवांगीला ते दिसलं आणि ती वर्गाकडे पळाली.

मुख्याध्यापिकांनी त्याला बोलावलं. त्याने काही लपवलं नाही. रात्रभर तो गुडगावात एका कॉल सेंटरची गाडी चालवायचा आणि पहाटे तसाच इकडे यायचा. त्याच दिवशी त्याला काढलं. शाळेने संस्थेलाही दार बंद केलं. शिवांगी पुन्हा अलकनंदाशी बोलली नाही.

श्रीरंग सर महिनाभर धुसफुसत होते, पण मग मुलांना द्यायची सूचना त्यांनीच बदलली: धोक्याचं काही कळलं, तर आधी तुझ्याशी बोलू आणि मग मोठ्यांना सांगू.

अलकनंदा वर्गात ती वाचून दाखवायची, तेव्हा एखाददुसरं मूल पेन्सिल खाली ठेवायचं. ते कोरे कागद पिशवीत घालून घरी येताना बसमध्ये ती ते पुन्हापुन्हा बाहेर काढायची; त्यांवर काय लिहायचं राहिलं असेल?