नऊ किलो आणि सुर्वेकाकूंच्या आईचा चष्मा

रविवारी सकाळी आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत मी सायकलच्या पिशव्या हुकाच्या काट्याला लटकवून बघत होते. मी ठरवलेले नऊ किलो, वर फक्त दहा ग्रॅम. टूथब्रशचा दांडा कापला आणि काटा बरोबर नवावर आला... इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

येत्या शनिवारी मी आणि माझी मैत्रीण सायली सायकलने कोकणात निघतोय. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे, मग समुद्राच्या कडेकडेने, खाड्या बोटीतून ओलांडत, देवगडजवळच्या आमच्या गावापर्यंत. सहा दिवस.

इतकी वर्षं गावाला गेले ती झोपेत. डोळा उघडला की गाव आलेलं असायचं. मधे किती चढ आहेत, कुठे काजूची झाडं सुरू होतात, काही माहीत नाही... सायकलवर गाव आपोआप येत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे जावं लागतं. मला तेच हवंय.

तयारी मी माझ्या पद्धतीने केली. पिशव्यांत पाच-पाच किलो तांदूळ भरून पहाटे वरळीपर्यंत जाऊन यायचं, मग करी रोडच्या पुलावर दहा वेळा चढ-उतार. सहाव्या फेरीला तिथल्या हवालदारांनी विचारलं, काही हरवलंय का. तळमजल्याच्या आजोबांची अजूनही समजूत आहे, की मी वाण्याचा माल पोचवायची नोकरी धरलीये.

मी काळजीखोर आहे. लहानपणी शाळेला इतकी घाबरायची, की पहिली-दुसरी घरीच झाली, आत्याच्या हाताखाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. गणित सुटलं तरी पुन्हा तपास, हा तिचा नियम... तो माझ्या अंगात इतका मुरला, की घराबाहेर पडताना मी दाराची कडी तीनदा ओढून बघते. चाळीतली पोरं त्याची नक्कल करतात. मला लाज वाटते, पण तरी ओढते.

तर रविवारी वजन जुळलं, आणि अर्ध्या तासात बिघडलं. आत्या नळावर कुणाला तरी बोलली, की पोर गावाला चाललीये. आमच्या चाळीत बहुतेक सगळे त्याच भागातले, त्यामुळे कुणीही गावाला निघालं, की त्याच्याबरोबर काहीतरी पाठवायचं असतं. कशाने जाताय, हे कुणी विचारत नाही.

पहिलं आलं कुणाच्या तरी नातवाचं स्वेटर. मग कुकरची रिंग, गोळ्यांची पाकिटं, लग्नपत्रिकांचा गठ्ठा. दोन नंबरच्या वहिनींनी दादरहून दुरुस्त करून आणलेलं मिक्सरचं भांडं आणलं, झाकणासकट. मला नाही म्हणता येत नाही... सगळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

शेवटी कोपऱ्यातल्या सुर्वेकाकू आल्या. हातात चष्म्याचं घर. "माझ्या आवशीचो चष्मो आसा. तुझ्याच हातात देतंय," म्हणाल्या आणि गेल्या.

बारा किलो सहाशे. मी माझे कपडे काढले, पुस्तक काढलं, चपला काढल्या, तरी अकरा. आणि खरं सांगायचं तर त्या आकड्याकडे बघून मला बरं वाटलं... कारण सापडलं होतं.

दुपारी मी सायलीला मेसेज लिहिला. सामान फार झालंय, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी नक्की. पाठवण्याआधी सवयीने आत्याला दाखवला. महत्त्वाचं काहीही लिहिलं की मी अजून तिला दाखवते.

आत्याने चष्मा नाकावर सरकवून दोनदा वाचलं. "भीती वाटत्ये, हे कुठे लिहिलंयस?"

उतारावर ब्रेक लागला नाही तर, निर्मनुष्य रस्त्यात पंक्चर झालं तर, अर्ध्यातून परत आले तर अख्खी चाळ बघेल... हे सगळं त्या मेसेजमध्ये नव्हतंच.

ती रागावली नाही. फक्त म्हणाली, जायचं नसेल तर ज्याचं त्याला आजच परत दे, म्हणजे त्यांना दुसरी सोय बघता येईल. बरोबरच होतं. मी चष्मा घेऊन आधी सुर्वेकाकूंकडे गेले.

काकू दाराकडे पाठ करून फोनवर होत्या, गावी आईशीच. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं मोठ्याने. मी उंबऱ्यातच थांबले.

"बेस्तवारी येतला, सायकलीन," काकू सांगत होत्या. "नाय गे, पडूचा नाय कुठे. ह्या चेडू भायर पडताना कडी तीनदा ओढून बघता. तेच्या हातात दिल्लो चष्मो हरवाचो नाय."

चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी.

ज्या सवयीची मला आयुष्यभर लाज वाटली, तिच्याच भरवशावर काकूंनी आईचे डोळे माझ्या हातात दिले होते. मी पोचेन की नाही, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता... मी तशीच मागे फिरले.

मेसेज पुसून टाकला. मग आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हटलं. वहिनींना मिक्सरचं भांडं परत दिलं, सायकलवर नाही जमणार म्हणून. त्या एवढंच म्हणाल्या, अगं सायकलने जातेस होय, मला वाटलं रात्रीची गाडी...

माझे कपडे परत आत गेले. वजन दहा किलो शंभर. भीतीही आहेच, ती कुठल्याच काट्यावर येत नाही. आता ती बरोबर घेऊनच जायचं ठरवलंय.

चष्मा हॅन्डलच्या पुढच्या पिशवीत आहे, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. गुरुवारी काकूंची आई रस्त्यावर येऊन बसणार आहे म्हणे. तिला मी लांबून नीट दिसणार नाही... जवळ जाऊन मीच तो तिच्या डोळ्यांवर चढवीन.

पिशवीची चेन आत्ताच तीनदा ओढून बघितली. लागलीये.