तात्यांची भरपगारी सुट्टी

भोंगा द्यायच्या आधी तात्या डोक्यावरची टोपी काढून खिशात घालायचे. मग मनगटावरचं घड्याळ, भिंतीवरचं घड्याळ आणि मोबाइल अशी तिन्ही बघायचे, कारण तिघांपैकी एकावरही त्यांचा विश्वास नव्हता. तिन्हींचं एकमत झालं की उजव्या हाताचं एक बोट वर करून म्हणायचे, "हां, आता." आणि खटका ओढायचे.

त्यांचं नाव सांगत नाही. कारखान्यात त्यांना नावानं कोणी हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाताना डाव्या हाताला आमचा कारखाना लागतो. पेरू, डाळिंब, आंबा यांचा गर काढून डब्यांत भरायचा, एवढंच काम. तात्या बॉयलरवर होते आणि भोंगा त्यांच्याकडे होता. मी टाइम ऑफिसात कारकून, म्हणून सगळ्यांचा भाऊसाहेब. माझ्या टेबलासमोर एक जाळीची खिडकी आहे. रजेचे अर्ज तिच्यातूनच आत येतात.

शेजारच्या वस्तीवरच्या बाया तीनच्या भोंग्याला शेळ्या सोडायच्या. एकदा भोंग्याला दोन मिनिटं उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशी तात्या वस्तीवर जाऊन माफी मागून आले. "शेळ्यांचा खोळंबा झाला वो," म्हणाले. आम्ही आठवडाभर त्यांना शेळ्यांचा निरोप सांगत होतो. तेही हसायचे. असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कारखान्यात बघितला असेल.

पुढचं सांगायला जड जातं, पण ते सांगितल्याशिवाय तात्या कळायचे नाहीत.

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा आमचा कारखाना चालू होता. खाण्याचा माल, म्हणून अत्यावश्यक सेवा. तात्यांची मालकीण, म्हणजे बायको, इंदापूरला एका शाळेत उघडलेल्या कोविड सेंटरात होती. एका सोमवारी सकाळी दहाला तात्या खिडकीत आले. "भाऊसाहेब, फोन आला हुता. मालकीण शिरीयस हाय म्हंत्यात. आजची रजा पायजे." त्यांच्या जोडीचा बॉयलरवाला आजारी होता. डब्यांची गाडी दुपारी निघायची होती. मी त्यांच्या अर्जावर लाल पेनानं 'उद्यापासून' असं लिहिलं आणि म्हणालो, "तात्या, तीनचा भोंगा द्या आणि मग जा. साहेबांची ऑर्डर आहे."

मॅनेजरसाहेबांनी तो अर्ज बघितलाच नव्हता. ऑर्डर माझीच होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तात्यांनी तीनचा भोंगा दिला आणि गेले. वाटेत नाक्यावर अडवलं. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा आत सोडलं नाही, बऱ्या आहेत म्हणून सांगितलं. रात्रभर ते फाटकाबाहेर बसले. मंगळवारी सकाळी कळलं की गेल्या. पुढं दाखला हातात आला, त्यावर तारीख सोमवारची होती. कोणाला विचारायचं? आतली नर्स म्हणे मंगळवारी पहाटे, कागद म्हणे सोमवारी दुपारी.

"सोमवारी गेली असंल तर मी भोंगा देत हुतो," तात्या एकदा डबा खाताना म्हणाले, "आन मंगळवारी गेली असंल तर मी फाटकात हुतो. कुठल्याबी दिसाला मी जवळ न्हवतोच."

वर्षश्राद्ध कधी घालायचं याचाच पत्ता नव्हता. भावकीतल्या कोणीतरी सुचवलं, तिथी माहीत नसली की सर्वपित्री अमावस्येला घालतात, तसं करा. तात्या त्याच्यावर ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हाच बघितलं. "ती काय बेवारस हाय का? तिला घर हाय, मी हाय. समद्यांच्या घोळक्यात कशी ढकलू?"

तिथून त्यांनी सुट्टीचं धरलं. एवढी माणसं देशात गेली, तर त्यांच्या नावानं वर्षातून एक दिवस सुट्टी हवी. सरकारनं द्यावी, सरकार देत नसेल तर कारखान्यानं द्यावी. तसा अर्ज लिहून त्यांनी माझ्याकडे दिला, खाली कामगारांच्या सह्या घ्यायला. "एकच दिस," बोट वर करून म्हणायचे. मी एकदा म्हणालो, "तात्या, तुमची रजा शिल्लक आहे की. घ्या दोन दिवस." त्यांनी जाळीतून माझ्याकडे बघितलं.

"रजा मागावी लागती, भाऊसाहेब. सुट्टी मागावी लागत न्हाय."

मला वाटलं, आता हे पुढं बोलणार. बोलले असते तर बरं झालं असतं.

गंमत अशी की पहिला विरोध झाला तो साहेबांकडून नाही. फळं निवडणाऱ्या बायकांची मुकादम शालनकाकू. तिचा नवराही त्याच लाटेत गेलेला. ती सरळ म्हणाली, "तात्या, तुमी पर्मनंट. आमी रोजंदारी. सुट्टी झाली की आमची हजेरी बुडती. आन घरात बसून करू काय? हितं हात चालत्यात, तेवढाच इसर पडतो." दोन दिवस तात्या तिच्याशी मान खाली घालून वागत होते. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून अर्ज परत मागून घेतला आणि 'सुट्टी'च्या आधी 'भरपगारी' आणि कंसात 'रोजंदारी धरून' असं घातलं. शालनकाकूनं वाचून घेतलं आणि अंगठ्याऐवजी स्वतःची सही केली. सही येत असून ती नेहमी अंगठा द्यायची, हे मला तेव्हा कळलं.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी अर्ज वाचला, तात्यांना खुर्ची दिली. "तारीख कोणती धरायची, तात्या? स्वातंत्र्यदिनाला तारीख असते. याला कुठली?"

तात्यांनी त्या लाटेच्या सालचं, भिंतीवर लावायचं एक कॅलेंडर शोधून विकत घेतलं. दर साप्ताहिक सुट्टीला ते कॅलेंडर गुंडाळून काखेत मारायचं आणि एसटीनं फिरायचं. जळोची हे त्यांचं स्वतःचंच गाव, तिथून सुरुवात. मग सोमेश्वरनगर, मग इंदापूर. ज्या घरातलं माणूस गेलं तिथे जायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "कुठल्या दिशी?" तारखेच्या चौकोनात नाव लिहायचं. म्हाताऱ्या माणसांनी तारखा सांगितल्याच नाहीत. कोणी म्हणे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, कोणी म्हणे हनुमान जयंतीनंतरच्या शनिवारी. ते सगळं समासात गेलं. एका घरी दोन पोरींनी आईबापाची नावं स्वतः लिहायला मागितली. तिथून आले त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

दोन महिन्यांची पानं भरली. मोकळा चौकोन शोधावा लागत होता. फक्त स्वतःच्या मालकिणीचं नाव त्यांनी सोमवार आणि मंगळवार यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं होतं, अगदी बारीक अक्षरात.

ते कॅलेंडर त्यांनी साहेबांच्या टेबलावर पसरलं. मी हजेरीपट घेऊन शेजारी उभा होतो. साहेबांनी चष्मा लावून पानं बघितली. एका चौकोनात त्यांच्या ड्रायव्हरच्या भावाचं नाव होतं, तिथे ते थांबले. मग म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, यातला कुठला दिवस देऊ?"

"कुठलाबी द्या. तुमी ठरिवला का तोच तिचा दिस. मी तोच धरीन."

"सरकारच देत नाही, तात्या. मी दिली तर उद्या वरचे मला विचारतील. आणि लोक काय करणार त्या दिवशी? झोपा काढणार."

"झोपू द्या की सायेब. त्या दिसांत कोण झोपलं हुतं?"

साहेबांनी कॅलेंडर नीट गुंडाळून परत दिलं. महिन्याभरानं माझ्या खिडकीशेजारच्या फलकावर नोटीस लागली. ज्या कामगारांना आपल्या दिवंगत नातेवाइकांच्या स्मृत्यर्थ सुट्टी हवी असेल, त्यांनी आपल्या शिल्लक रजेतून टाइम ऑफिसकडे अर्ज करावा. नोटीस मीच टाइप केली होती. तात्यांनी टोपी काढून ती वाचली, दोनदा वाचली.

"म्हंजी परत खिडकीतच यायचं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. मी शाईच्या डब्यात शिक्का दाबत राहिलो.

त्यानंतर तात्या उतरत गेले. एकदा तीनचा भोंगा अडीचलाच दिला. वस्तीवरच्या शेळ्या सुटल्या, पाळीतली माणसं फाटकाशी जमली, आणि तात्या खटक्याजवळ उभे राहून म्हणत होते, "लवकर दिला म्हंजी लवकर जाता येतं." कोणी हसलं नाही. पुन्हा तसंच झालं तेव्हा साहेबांनी आपोआप वाजणारा भोंगा बसवला. काही महिन्यांनी तात्या निवृत्त झाले. नारळ, शाल, फोटो झाला. त्या दिवशी तरी सांगून टाकावं म्हणून मी त्यांना बाजूला घेतलं. तोंडातून निघालं ते इतकंच, "तब्येतीला जपा."

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी खिडकीबाहेर सावली पडली. बघतो तर तात्या. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. त्यांनी जाळीतून एक कागद आत सरकवला. कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. पुढच्या बाजूला नावं, मागच्या कोऱ्या बाजूला अर्ज.

"सायेब, मालकीण इंदापूरला ॲडमिट हाय. लई शिरीयस हाय म्हणून फोन आला. आजची रजा पायजे."

मी म्हणालो, "तात्या, मी... ओळखलंत का?"

"न्हाय जी. तुमी नवीन दिसताय."

लाल पेन सापडेना, निळ्यानंच 'मंजूर' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शिक्का वाकडा उमटला म्हणून पुन्हा मारला.

"पगारी का बिनपगारी?" त्यांनी विचारलं.

"भरपगारी."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. "लई उपकार झालं सायेब. तुमच्या आधी हितं एक भाऊसाहेब हुते. माणूस काय वाईट न्हवता, पर त्यांनी न्हाय दिली."

"जावा तात्या," मी म्हणालो, "आत्ताच जावा."

त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि फाटकाकडे पळत सुटले. मी बाहेरगावी नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाला फोन लावत होतो, तो उचलत नव्हता. खिडकीतून रस्ता दिसतो. इंदापूरची एसटी थांबली, तात्या वर चढले, दार लागलं. तीनचा भोंगा व्हायला अजून वीस मिनिटं होती.