बकुळाबाईंच्या नावावरचा फोटो

बकुळाबाई परब शाळेत शिपाई होत्या. भूगोलाच्या तासाला नकाशाची गुंडाळी वर्गात न्यायची, खिळ्याला टांगायची, तास संपला की पुन्हा कपाटात ठेवायची, हे त्यांनी नोकरीभर केलं. नकाशा उलगडला की लगेच बाहेर जायचं असा रिवाज होता. शिकवायचं काम मास्तरांचं आणि बघायचं काम मुलांचं, शिपायाने त्यात कशाला थांबायचं?

निवृत्तीनंतर डिलाईल रोडच्या चाळीत मोबाईल चाळता चाळता त्यांना एक व्हिडिओ दिसला. हवामानाचे उपग्रह डोक्यावरून जाताना खालच्या जमिनीचा आणि ढगांचा फोटो रेडिओवरून सोडत असतात, आणि गच्चीवर साधी अँटेना लावली तर तो घरच्या घरी पकडता येतो. ओळख नको, वशिला नको. बाईंना ही गोष्ट भलतीच आवडली. आयुष्यात एक तरी नकाशा आपण स्वतः आणायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मुलगी रुचा लोअर परळच्या एका ऑफिसात हिशेब बघायची. तिने पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर आणून दिला आणि आपल्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्राम घालून दिला. उपग्रह वर आला की तो आपोआप सुरू व्हायचा आणि उपग्रह गेला की फोटो फोल्डरमध्ये पडायचा. म्हणजे पडायला हवा होता. अँटेना मात्र बाईंनी स्वतः बनवली. गच्चीवर बेवारस पडलेल्या टीव्हीच्या अँटेनाच्या दोन कांड्या काढल्या, शिवणाच्या टेपने मापल्या, फळीवर ठोकल्या आणि वायर खिडकीतून खोलीत घेतली.

फोटो काही येईना. कधी कांड्या एकमेकींना टेकलेल्या निघायच्या, कधी वायर सुटलेली. सगळं ठीक असलं तरी पश्चिमेला गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर अर्धं आभाळ अडवून बसलेला. पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग. चाळीला तर आयतंच कोलीत मिळालं. "काय वहिनी, उद्या छत्री घेऊ का?" असं जो तो विचारायचा, तेही जानेवारीत! बाई हसून घ्यायच्या. पण एकदा मोरीत नळ सोडून रडताना रुचाने त्यांना पाहिलं.

मग एका सकाळी, पाणी भरायच्या वेळेला, रुचा म्हणाली, "आई, तू पाणी भर, लॅपटॉप मी बघते." दुसरा हंडा भरेपर्यंत आतून हाक आली. "आई! आला गं, आला!"

बाई ओल्या हातांनीच धावल्या. पडद्यावर कोकणपट्टी. सगळा किनारा, बाजूला काळाभोर समुद्र, खाली दक्षिणेकडे ढगांचा पुंजका. बाईंनी पदराला हात पुसून बोट ठेवलं आणि मालवण शोधलं. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. दुपारपर्यंत मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत तो फोटो दाखवून झाला होता, आणि सकाळी छत्रीचं विचारणारेच आता आपापली गावं शोधत होते.

दुसऱ्याच दिवशी चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. पूजेच्या संध्याकाळी गुणवंतांचा सत्कार करायचा ही चाळीची जुनी पद्धत. दहावी-बारावीची पोरं, कॅरमची ढाल जिंकलेला कुणी, आणि यंदा बकुळाबाई. मंडळाने फोटो मोठा करून मंडपात लावला आणि खाली लाल अक्षरांत नाव घातलं. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

मंडळाचा कार्यकर्ता शिवा शाली आणि नारळ मोजत शेजारी उभा होता. तो सहज म्हणाला, "वहिनी, तुमचा अँटेना परत होता तसाच बांधला हां. परवा रात्री लायटिंगच्या माळा सोडताना मध्ये येत होता, म्हणून काढून माझ्या खोलीत ठेवलेला. काल दुपारी लावला. काय लोचा नाय ना झाला?"

"काल दुपारी?" बाईंनी विचारलं.

"हां, जेवण करून गेलो ना वर. का, काय तुटलं काय?"

फोटो आला होता काल सकाळी. बाईंनी मागे वळून पाहिलं. खुर्च्यांच्या पलीकडे रुचा मोबाईल उंच धरून आईचं शूटिंग करायला तयार उभी होती. आईची नजर भिडली तसा तिचा हात हळूच खाली आला. एवढ्यावरून बाईंना सगळं कळलं, विचारायची गरजच उरली नाही. तेवढ्यात माईकवर नाव पुकारलं गेलं.

खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. बाई माईकजवळ गेल्या. "हा फोटो मी घेतलेला नाही," त्या म्हणाल्या.

 मग अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "बघा, माणसाकडे केवढा विनय असावा!" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. खरं सांगूनही खोटं पडणं म्हणजे काय, ते बाईंना त्या मांडवात कळलं. पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तर पुढच्या पोराचं नाव पुकारलं गेलं होतं.

खोलीत आल्यावर रुचाच रडायला लागली. "रत्नागिरीच्या एकाने नेटवर टाकलेला गं. तोच फोल्डरमध्ये ठेवला. तुझे हाल बघवत नव्हते, आई. तुझ्यासाठीच केलं ना!"

बाई रागावल्या की चाळीचं मराठी गळून मालवणी उरायचं. "माझ्यासाठी? तुका वाटला, आयशीक ह्या जमाचा नाय. सगळे हसले ते माका चलला. तू हसलंस नाय, पण तुझा पण मत तांचाच."

आणि ते खरंच होतं.

पोटच्या पोरीने फसवलं याचं दुःख होतंच. पण फसवताना तिने आईला अगदी ओळखून फसवलं होतं. कोकणचाच फोटो शोधला, पाण्याचीच वेळ साधली. परक्याला हे साधलं नसतं. बाई तिच्याशी बोलत राहिल्या, डबा भरून देत राहिल्या, पण लॅपटॉपजवळ ती आली की झाकण लावून टाकायच्या.

शाल तशीच घडी करून ठेवली आणि पुन्हा गच्चीवर गेल्या. अँटेना पाण्याच्या टाकीपासून लांब, टॉवर कमी आडवा येईल अशा कोपऱ्यात हलवली. कांड्या उत्तर-दक्षिण धरून आडव्या केल्या. आणि फाल्गुनात एका सकाळी मुंग्यांमधून एक पट्टा उमटला, मग त्याखाली दुसरा. वरची बाजू सगळी खाल्लेली, मध्ये काळे पट्टे, पण उरलेल्यात घाट दिसत होता, खाड्या दिसत होत्या. इतका फाटका फोटो कुणी कुणाला भेट म्हणून ठेवला नसता.

बाईंनी मालवण शोधलं नाही. आधी फोन उचलला.

"रुचा, लॅपटॉपला हात लावलंस तू?"

"मी? मी ऑफिसात आहे, आई. का? आला? आई, खरंच आला?" पलीकडे तिचा आवाज फुटला.

"ठेवतंय," म्हणून बाईंनी फोन बंद केला. पोरीचा आवाज खरा वाटत होता. पण त्या सकाळची हाकही खरीच वाटली होती. ऑफिसात बसून घरच्या लॅपटॉपमध्ये फोटो ठेवता येतो का, ते बाईंना माहीत नव्हतं. आणि असलं काही विचारायचं झालं, तर त्यांना विचारायला एक रुचाच होती.