मामाआजोबांच्या मनगटावरचा हात

सूर्यकन्या तापीमातेला आणि आमच्या कुलस्वामिनीला वंदन करून, आमच्या मेहुण्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त या चार ओळी लिहीत आहे. उभ्या जगाचे बोलणे तोडणारा आणि तरीही लहान मुलांना बोलणे न तोडण्याचा धडा देणारा असा दुसरा मनुष्य परमेश्वराने घडवला नसावा. घडवला असेल, तर तो निदान बऱ्हाणपुरात राहत नाही.

मेहुण्यांचा शाहपूरला केळीचा व्यापार होता. भाव ठरवताना समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यायचे नाही, ही तिथली सवय त्यांनी निवृत्तीनंतरही निष्ठेने जपली. वैद्यांनी नाडीवर बोट ठेवले, की रोगाचे नाव हे स्वतःच सांगतात. तापीच्या राजघाटावर कीर्तनकार श्वास घेण्यापुरता थांबला, तर पुढची कथा हे पूर्ण करतात. त्यांच्या बहिणीशी विवाह झाल्यापासून माझे एकही वाक्य त्यांच्यासमोर क्रियापदापर्यंत पोहोचलेले नाही.

मूल जवळ आले, की मात्र हा मनुष्य पालटतो. मोठी माणसे बोलत असतील तर मुलाने मुकाट्याने त्यांच्या मनगटावर हात ठेवून उभे राहायचे. हे त्या हातावर आपला तळवा ठेवतात, म्हणजे निरोप पोहोचला. मग चालू बोलणे संपवून, गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसतात आणि म्हणतात, "बोला मालक, आता तुमचा नंबर." त्यानंतर कोणी मध्ये बोलेल तर खबरदार! एकदा दिल्लीच्या जुन्या व्यापारी मित्राशी फोनवर बोलताना माझ्या नातीचा हात मनगटावर आला. "रुका सेठ, इथे जरूरी मामला आलाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मामला असा, की अंगणातल्या मुंगीला साखरेचा दाणा उचलेना. "मग? पुढे काय झालं?" असे मेहुणे इतक्या काकुळतीने विचारत होते, जणू त्या मुंगीशी त्यांची भागीदारी होती.

नातीला मीही शिकवतो. वाक्संयमाचे श्लोक तिला मुखोद्गत आहेत. ती ते शुद्ध उच्चारांत म्हणते, आणि मी अर्थ सांगू लागलो, की मध्येच विचारते, "आजोबा, आज भाजी काय?" तेही मी सहन केले असते. पण शाळेतून आल्यावर दप्तर माझ्या खोलीत टाकून दिवसभराच्या गोष्टी ती शेजारच्या गल्लीत मामाआजोबांकडे नेते, हे मला सोसवत नाही. देवासमोर बसून मत्सर करू नये, हे जाणतो. म्हणून देवघरातून उठल्यावर करतो.

गेल्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. दापोऱ्याहून आणलेले केळीचे खांब दाराशी बांधले होते. सर्वांची तोंडे देवाकडे, पाठी दाराकडे. मी पोथी वाचत होतो. एवढ्यात नात उठून पुढे आली. मी वाचता वाचता डावा हात किंचित पुढे केला. ती मला ओलांडून गेली आणि मेहुण्यांच्या मनगटावर हात ठेवून उभी राहिली. अध्याय संपला, शंख वाजला, तेव्हा ते वळले. "बोला मालक."

"मामाआजोबा, बकरी खांबांची सगळी पानं खाऊन गेली."

सौभाग्यवतीने कपाळावर हात मारला. "अगं, ओरडायचं ना!"

"ताई, आधी शाबास म्हण तिला," मेहुणे छाती फुगवून म्हणाले. "अख्खा अध्याय थांबली पोरगी! दाजी, पानं काय, अजून लावू. तुमच्या पोथीत कोणी इतका सबर ठेवला का?"

गेल्या महिन्यात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते मुलाकडे इंदूरला गेले. शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी संध्याकाळी नात प्रथमच आपली हकीकत घेऊन माझ्यापाशी आली. मी संध्येला बसण्याच्या बेतात होतो. वर्गातल्या मैत्रिणीने जागा बदलली होती. कारण लांबलचक होते. मी अवाक्षर न काढता ऐकले. "मग? पुढे?" असे विचारणेही मला जमले. अर्घ्याची वेळ टळली. सूर्यनारायणांनी क्षमा करावी. सांगून झाल्यावर ती समाधानाने उठली आणि म्हणाली, "आता हेच मामाआजोबांना फोनवर सांगते."

ती ओसरीवर बसून पहिल्यापासून सांगू लागली. मी कान देऊन होतो. पलीकडून बराच वेळ एक शब्दही आला नाही. जगाचे बोलणे तोडणारा तो मनुष्य इंदुरात, डोळ्याला पट्टी बांधून, ऐकत होता.

मेहुण्यांची दृष्टी निर्मळ होवो, त्यांना शतायुष्य लाभो आणि ते लवकर परतोत. वाचकहो, आपली घरे धनधान्याने आणि लेकरांच्या बोलण्याने भरलेली राहोत; आणि भगवंताच्या कृपेने आपली नातवंडे दिवसभराची हकीकत आधी आपल्यालाच सांगोत.