क्रोशाच्या ग्रुपमधले काका

भंडारा जिल्ह्यात लाखनीला महामार्गाच्या कडेला आमचं कापडाचं दुकान आहे. लुगडी, धोतरं, टॉवेल, शाळेच्या गणवेशाचं कापड, आणि लग्नसराईत आहेराच्या साड्या. समोरून दिवसभर ट्रक जातात आणि त्यांची धूळ आमच्या गठ्ठ्यांवर येऊन बसते. ती झटकणं हेच काय ते माझं अंगमेहनतीचं काम. बाकीचा वेळ मी गादीवर लोडाला टेकून बसायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, शेठ मोठ्या विचारात आहेत. खरं म्हणजे मी जांभया दाबत असायचो.

लेकीनं तिचा जुना मोबाईल मला दिला तेव्हा या जांभयांना जरा औषध मिळालं. एक दिवस मी त्यात ‘विणकाम’ असा शब्द घालून पाहिला. आम्ही मूळचे पवनीचे, जातीचे विणकर. आजोबा आणि वडील दोघंही हातमागावर बसलेले. तेव्हा विणकामावर चार माणसं बोलत असतील तर आपण तिथं असायला हवं, शिवाय साड्यांना एखादं गिऱ्हाईक लागलं तर वाईट काय, असा माझा हिशेब. एक ग्रुप दिसला. मराठी विणकाम करणाऱ्यांचा, हजारेक लोकांचा. नियम वगैरे लिहिलेले होते. ते मी वाचले नाहीत. दाराशी ‘आत येऊ का’ असं विचारायचं बटण होतं ते दाबलं आणि संध्याकाळपर्यंत आत घेतलं गेलो.

नव्या माणसानं स्वतःची ओळख करून द्यायची अशी तिथली रीत होती. मी ती इतकी करून दिली की वाचणाऱ्यानं मध्ये चहा पिऊन यावं. आम्ही पिढीजात विणकर, सुताशी आमचं नातं जन्माचं, नव्या पिढीला काही अडलं तर संकोच न करता विचारावं, मी मार्गदर्शन करीन, असं बरंच काही. सोबत पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो. घरात तोच एक फोटो असा होता की ज्यात मी कुणीतरी वाटत होतो.

यात मी एक गोष्ट गाळली होती. मी आयुष्यात कधी माग चालवला नव्हता. लहानपणी एकदा वडिलांनी मागावर बसवलं तर मी अर्ध्या तासात अख्ख्या ताण्याचा, म्हणजे उभ्या सुतांचा, असा गुंता केला की ते शांतपणे म्हणाले, “तू दुकान कर.” आणि मी दुकान केलं.

स्वागत मात्र जोरात झालं. फुलांची, दिव्यांची, हात जोडलेली चित्रं आली. ‘काका, स्वागत!’ ‘काका, तुमच्यासारखे जाणकार हवेच होते.’ कुणीतरी विचारलं, ‘भंडारा म्हणजे गोंदिया जिल्ह्यात ना?’ त्यावर मी जिल्हा कसा फुटला, गोंदिया कसं वेगळं झालं, तलाव कुणाकडे किती गेले, यावर निबंध लिहिला. त्या बिचारीनं अंगठा दाखवला आणि ती परत काही बोलली नाही.

मग प्रश्न येऊ लागले. ‘काका, माझ्या लेसची कड लाटेसारखी फुगते, काय करू?’ मी फोटो पाहिला आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा मागावरच्या विणकामाचा ग्रुपच नव्हता. हा क्रोशाचा ग्रुप होता. आकड्याची एक सुई घेऊन बाया जे रुमाल, टोप्या, टीव्हीवरची झाकणं करतात, ते. वर जाऊन नियम वाचले तर पहिल्याच ओळीत तसं लिहिलेलं.

भल्या माणसानं माफी मागून बाहेर पडावं. पण हजार बायांनी फुलं देऊन आत घेतलं होतं. मी लोडाला टेकून जरा विचार केला आणि उत्तर लिहिलं, ‘ताणाकडे लक्ष द्या.’ वडील नेहमी हेच म्हणत. दोन दिवसांनी त्या बाईंचा निरोप आला, ‘काका, धागा जरा घट्ट धरला, कड सरळ झाली. धन्यवाद!’

त्यानंतर मी बिघडलो. कुणी काहीही विचारो, टोपी सैल होते, फुलाची पाकळी वाकडी येते, मी लिहायचो, ‘ताण बघा.’ आणि त्याला इतके नमस्कार यायचे की मला स्वतःलाच वाटू लागलं, आपल्याला यातलं कळतं.

ग्रुप चालवणाऱ्या ताई नाशिकच्या होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी एक दिवस सगळ्यांसमोर लिहिलं, ‘काका, आता तुमच्या हातचं काहीतरी बघू द्या. साधा चौकोनसुद्धा चालेल.’

चौकोन म्हणजे काय मोठं, असं म्हणून मी भंडाऱ्याला गेलो आणि मोठ्या बाजारातून सुई आणि लोकर आणली. लोकर गुलाबी मिळाली. दुकानदाराला सांगितलं, घरच्यांनी मागवली आहे. मग दुपारच्या सामसुमीत, काउंटरच्या खाली हात ठेवून, मोबाईलवरचं शिकवणं बघत बघत मी साखळी घातली. साखळीवर खांब घातले. खांब म्हणजे उभे टाके, हे मला त्या दिवशी कळलं. ओळीमागून ओळ चढत गेली. माझी छाती फुगली. आणि जरा लांब धरून पाहिलं तर चौकोन वर जाता जाता निमुळता होऊन चाललेला. मी म्हटलं, पुढे भरून येईल. तो भरून आला नाही. शेवटी एका टोकावर येऊन थांबला, समोशासारखा.

नेमकी तेव्हाच बायको जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली.

“काय करून राहिले जी?” तिनं काउंटरच्या आत डोकावून पाहिलं.

“काही नाही. धंद्याचं.”

“हे गुलाबी धंद्याचं?” तिनं ते उचललं, उलटंपालटं केलं. “झोळणा हाय का?”

“चौकोन आहे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या वस्तूकडे पाहिलं, आणि डबा ठेवून काही न बोलता गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. रस्ता ओलांडताना तिचे खांदे हलताना मला स्पष्ट दिसले.

दुसरं करायला धीर नव्हता. मी त्याचाच फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘तोरणाची झालर. आमच्या भागातली पद्धत.’ आमच्या भागात अशी कुठलीही पद्धत नाही. झाडीपट्टीची मी एका वाक्यात बदनामी केली.

दर दोन मिनिटांनी मोबाईल उघडून बघत होतो. मग फोन वाजला. नाशिकच्या ताई.

“काका, झालर छान आहे. एक विचारू? सुरुवातीला किती खांब होते?”

“वीस.”

“आणि वर?”

मी मोजलं. “वर एकच उरला, ताई.”

मग त्या म्हणाल्या, “दर ओळीचा शेवटचा टाका तुम्ही सोडून देताय. सगळ्यांचं होतं असं. तो दिसतच नाही पटकन, कोपऱ्यात लपतो. काका, पहिल्यांदाच हातात धरली का सुई?”

आता काय लपवणार. मी म्हटलं, “ताई, मी कापड विकतो. विणलेलं मला बघता येतं, विणता येत नाही. ग्रुप चुकला माझा. सांगाल तर निघून जातो.”

“जायचं कशाला?” त्या म्हणाल्या. “चुकून आलेले पुष्कळ आहेत आमच्यात. उद्या सकाळी ग्रुप उघडून बघा फक्त.”

मला वाटलं, उद्या माझी सर्वांसमोर पूजा होणार. दुकानाचं शटर वर केलं आणि देवाला उदबत्ती लावायच्या आधी मोबाईल उघडला. ताईंनी सर्वात वर एक फोटो टाकला होता. काळपट हिरव्या लोकरीचं काहीतरी, चारही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या. खाली लिहिलेलं, ‘माझा पहिला चौकोन. पायपुसणं म्हणून ठेवला तर कुत्रासुद्धा त्यावर बसेना. ज्यांनी आपलं पहिलं काम जपून ठेवलंय त्यांनी आज टाका.’ आणि खाली रांग लागली होती. नळकांड्यासारखे मोजे. डोकं न जाणाऱ्या टोप्या. साताऱ्याच्या एकीचा ससा, ज्याला सगळे जण उंदीर समजत होते. एकीनं नवऱ्यासाठी केलेला स्वेटर, ज्याची एक बाही गुडघ्यापर्यंत येत होती, आणि तो घालून उभा असलेला नवराही. ज्यांच्या कामाला मी इतके दिवस ‘ताण बघा’ म्हणत होतो, त्यांनीच आपली फजिती शोधून शोधून बाहेर काढली होती. माझ्याबद्दल मात्र कुणीही एक शब्द लिहिला नव्हता. त्या सगळ्या सशा-उंदरांमध्ये माझी झालर कुठे तरी बसून गेली होती, इतकी की ओळखूसुद्धा येईना.

त्या सकाळी मोबाईलमधून मान वर न काढता मी दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं. एकाला तर धोतर हवं होतं आणि ते समोरच ठेवलेलं होतं.

मग ताईंनी मला मोबाईलवरून शिकवलं. शेवटच्या टाक्यात लोकरीचा वेगळ्या रंगाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे तो हरवत नाही. महिनाभरात माझा चौकोन चौकोनासारखा झाला. मग मी गोल रुमाल करायला घेतला, तर तो कडेनं वर वळून वाटी झाला. ग्रुप म्हणाला, ‘थांबू नका, टोपी होतेय.’ झाली. तेव्हापासून मी टोपीवाले काका.

हे सगळं लाखनीत कुणालाही ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं, पण ती गप्प होती, आणि त्या गप्पपणाची भीती मला वेगळीच होती. शेजारी लोखंडी सामानाचं दुकान आहे. तिथला मालक माझा शाळेपासूनचा मित्र. पंचक्रोशीतली कुठलीही बातमी त्याच्याकडून निघते. त्याच्यापासून मी सुई विशेष जपायचो.

एका रविवारी तो माझ्याकडे चहा प्यायला बसला होता. दारात गाडी थांबली आणि नागपूरच्या चार बाया उतरल्या. ग्रुपातल्याच. नवेगावकडे फिरायला चालल्या होत्या. मी जिल्ह्यावरच्या त्या निबंधात दुकानाचा पत्ता पूर्ण दिला होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्यातली सर्वात पुढची आत येऊन मोठ्यानं म्हणाली, “टोपीवाले काका इथंच बसतात का हो?”

मित्रानं बशी खाली ठेवली. “टोपीवाले?”

“अहो, तुम्हाला माहीत नाही? काकांच्या हातचं काम बघा.” आणि तिनं आपल्या मोबाईलवर माझी गुलाबी टोपी त्याला दाखवली. टोपी मी काउंटरवरच्या पुतळ्याला घालून फोटो काढला होता. पुतळा मित्राच्या ओळखीचा होता.

त्यानं टोपी पाहिली. मला पाहिलं. मग विचारलं, “काहून बे, हे तू केलं?”

“हो.”

“कवापासून?”

“झाले बरेच दिवस.”

मी वाट बघत होतो, आता तो हसेल आणि संध्याकाळपर्यंत साकोलीपर्यंत बातमी जाईल. तो म्हणाला, “आमच्या नातवासाठी एक कर ना. हिवाळ्यात लई सर्दी होते त्याले.” आणि त्या बायांना बसायला माझ्याच दुकानातली सतरंजी उलगडून दिली, जी विकायला ठेवलेली होती.

बायकोनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. लाखोरीच्या डाळीचे वडे तळले, भात वाढला. त्या जेवत असताना तिनं ठेवणीतला माझा पहिला समोसा आणून सर्वांच्या मध्ये ठेवला. म्हणे, मीठ-मिरचीच्या डब्यावर झाकायला ठेवला होता, फेकायचा जीव झाला नाही. बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मी पाणी आणायला उठलो तेव्हा बायको हळूच म्हणाली, “चांगल्या हायेत जी तुमच्या मैतरणी.” तिच्या गप्पपणाची भीती तेव्हा गेली.

आता मी ग्रुपात जुना झालोय. मध्ये ताईंनी नव्या लोकांचं स्वागत करायचं काम माझ्याकडे दिलं. पहिलीच एक मुलगी आली, चंद्रपूरची. मी तिला लिहिलं ते स्वागत, टाके कसे मोजावे इथपासून माणसानं अपयशाकडे कसं बघावं इथपर्यंत गेलं. ती त्याच दिवशी ग्रुप सोडून गेली.

ताईंचा फोन आला. “काका, पुढच्या वेळी फक्त ‘या, बसा’ म्हणा.”

मी त्या मुलीला वेगळा निरोप पाठवला. मोठं लिहिलं नाही. ‘या, बसा’ एवढंच. ती आठवड्यानं परत आली आणि तिनं आपला पहिला चौकोन टाकला. पाच कोपऱ्यांचा होता. माझ्यापेक्षा वाईट. तो पाहून मला जो आनंद झाला तो काही सज्जन माणसाचा नव्हता, पण मी तो तिला कळू दिला नाही. लिहिलं, ‘फार छान. पुढचा कधी?’