गिरगावची व्हिजिट

मोरीपाशी मी हात धूत होते. पेशंटच्या सासूबाई धुतलेला पंचा घेऊन उभ्या होत्या.

"तू कुठली गं?"

"परळची."

"ते कळलं. कुणातली?"

"आम्ही बौद्ध."

पंचा मागे गेला. त्यांनी तो घडी करून काखेत धरला आणि दोन पावलं सरकून उभ्या राहिल्या.

आत त्यांची गरोदर सून होती. पुरुष डॉक्टरने तिला हात लावलेला त्या घरात चालेना, म्हणून मला आणलं होतं. मी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे डॉक्टर दादरचे नावाजलेले. "कॉलेजात रोग शिकवतात, प्रॅक्टिस मी शिकवतो," म्हणत आम्हा विद्यार्थ्यांना व्हिजिटला नेत. पास झाल्यावर मला दवाखान्यात घेण्याचा शब्दही त्यांनी दिला होता. गिरणीत राबणाऱ्या बाबांनी तो चाळभर सांगितला होता.

पडद्याआड मी पोट तपासलं. मूल आडवं होतं. मी ते डॉक्टरांच्या कानात सांगितलं, त्यांनी मोठ्याने घरच्यांना सांगितलं. कौतुक त्यांचं झालं. सुनेच्या पोटावर माझा हात चालला, पंच्याला चालला नाही. ओले हात मी साडीलाच पुसले होते. लाज मलाच वाटली, याचा आजही संताप येतो. डॉक्टरांनी सगळं पाहिलं आणि चहा बशीत ओतला.

खाली गाडी मोर्चात अडकली. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' डॉक्टरांनी काच खाली करून घोषणा दिली. मग माझ्याकडे वळले.

"पुढच्या वेळी परळची म्हणायचं नि गप्प बसायचं. आडनाव विचारलं तर दुसरं सांग. प्रॅक्टिस अशीच चालते, बाई."

"सर, तुम्ही तुमचं कधी बदललंत?"

"मला कशाला बदलावं लागेल?"

"मग मीही बदलणार नाही."

"तर उद्यापासून येऊ नकोस."

मी तिथेच उतरले. त्या घोषणा मीही चाळीत घसा बसेपर्यंत दिल्या होत्या. त्या दिवशी तोंड उघडलं नाही. बाबांना काय सांगायचं, हे जुळवत परळपर्यंत चालत गेले. शेवटी आहे ते सांगितलं. ते जेवले नाहीत.

त्या रात्री मी ठरवलं, दवाखाना काढीन, परळलाच. गिरगावातून बोलावणं आलं तरी जाईन. अडलेल्या बाईला नाही म्हणणार नाही. पण मी कोण, ते उंबऱ्यावरच सांगेन. नको असेन तर त्यांनी तसं तोंडाने म्हणावं. आणि दुसरा डॉक्टर येईपर्यंत आपल्या सुनेचं काय होतं, ते डोळ्यांनी बघावं.