अपेक्षांचा रकाना

आमच्या ज्ञातीच्या वधू-वर मंडळाचं ॲप मी आणलं. हे मी आता तोंड वर करून सांगत नाही, पण काही वर्षांपूर्वी भेटेल त्याला सांगत होते. ठाण्यातल्या एका कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त झाले होते, हाताला काम नव्हतं आणि डोक्यात वारं शिरलेलं होतं. समाज मागे राहिलाय तो कागदामुळे, असं माझं प्रामाणिक मत होतं. इतकं बावळट मत बाळगायला भरपूर शिक्षण लागतं, आणि ते माझ्याकडे होतं.

मंडळ डोंबिवलीत भरायचं, एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात, दर रविवारी सकाळी. पहिलीच्या पोरांच्या बाकांवर पन्नाशीच्या बायका गुडघे दुमडून बसायच्या. पाकिटांत मुलामुलींचे फोटो. समोर टेबलाशी कोपरीहून येणाऱ्या एक बाई, निवृत्त नर्स, लहानथोर सगळे त्यांना काकू म्हणायचे. मुलींची गुलाबी कार्डं, मुलांची पिवळी, आणि कुठलं कार्ड कुणाचं ते काकूंच्या डोक्यात.

काकूंचा एक नियम होता. अपेक्षा तोंडी सांगायच्या, लिहून आणलेली चिठ्ठी त्या हातात घ्यायच्या नाहीत. एखादी मुलाची आई टेबलावर वाकून कुजबुजली, "जरा उजळ बघा हं," की काकू कानामागे हात धरायच्या. "मोठ्याने सांगा, मला कमी ऐकू येतं." वास्तविक त्यांना शेजारच्या वर्गातलंही ऐकू यायचं. पण भरल्या वर्गात "सावळी नको" असं मोठ्याने म्हणायला त्या बाईची जीभ रेटायची नाही, कारण मागच्याच बाकावर कुणाची तरी सावळी लेक आईला चिकटून बसलेली असायची. "तसं काही नाही हो, स्वभाव चांगला हवा," असं म्हणून ती सुटका करून घ्यायची. "घटस्फोटित चालणार नाही" हे चारचौघांत उच्चारणारेही थोडेच. मग काकू तीन-चार कार्डं द्यायच्या आणि त्यात न मागितलेलं एखादं हमखास असायचं. "घरी जाऊन वाचा. नाही पटलं तर आणून द्या, मी काय खाते का तुम्हाला?" लोक चरफडत न्यायचे. त्यातून काही लग्नं जमली. ती कितपत सुखाची झाली मला ठाऊक नाही, पण त्या मुलींना निदान कुणीतरी बघायला आलं.

मला हा सगळा प्रकार गावंढळ वाटायचा. एका म्हातारीच्या लहरीवर शिकल्यासवरल्या लोकांची लग्नं ठरतात म्हणजे काय! मी ज्ञातीतले दोन आयटीवाले पकडले, सहा महिने डोकं लावलं आणि ॲप तयार केलं. टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये वर्धापनदिनाला त्याचं उद्घाटन झालं. मी भाषण ठोकलं. तंत्रज्ञान सगळ्यांना एकाच नजरेने बघतं, असं एक वाक्य त्यात होतं आणि त्याला टाळ्या पडल्या. काकूंना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. जाताना त्यांनी मला एकच विचारलं.

"यात अपेक्षा कशा सांगायच्या गं?"

"सांगायच्याच नाहीत, काकू. घरबसल्या फक्त खूण करायची."

"म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही."

"अजिबात नाही!" मी अभिमानाने म्हणाले. त्यांनी नारळ पिशवीत टाकला आणि त्या निघून गेल्या.

पहिल्या महिन्यापासून लोकांच्या मागण्या सुरू झाल्या. पोटजातीचा रकाना हवा. मग रंगाचा, पण 'रंग' असा शब्द नको, बरं दिसत नाही, 'वर्ण' म्हणा. गावाचा हवा, कारण घाटावरची मुलगी कोकणातल्या घरात रुळत नाही म्हणे. ही मंडळी तीन पिढ्या डोंबिवलीत राहतात आणि गावी गणपतीपुरती जातात. एका सद्गृहस्थांचा फोन आला. हे सुधारणेवर व्याख्यानं देत फिरतात. मुलीला भाऊ आहे की नाही याचा रकाना करता येईल का, त्यांनी विचारलं. भाऊ नसला तर तिच्या आईबापांचं लोढणं उद्या आमच्या मुलाच्या गळ्यात. हे ते इतक्या सहज म्हणाले की मला वाटलं, लाइटबिलाबद्दल बोलतायत. मी रकाना केला. करता येत होता, म्हणून केला. दुसरं काही कारण असावं लागतं असं आम्हा सुशिक्षितांना वाटतच नाही.

जे बोलायला जीभ अडखळायची ते करायला बोट अडखळेना. काकूंच्या वर्गात निदान थोडी लाज होती. मी ती काढून टाकली आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. सगळे खूश होते. "काय फास्ट झालंय हो आता!" असं म्हणायचे. खुद्द माझ्या मुलाचं लग्न ॲपवरून महिन्याभरात जमलं आणि मी त्याचं उदाहरण सभेत द्यायला लागले.

मग माझी मुलगी दीड वर्षाचा संसार मोडून कल्याणहून घरी परत आली. का मोडला ते तिचं तिच्यापाशी. कागदपत्रं झाली, ती नोकरीला जायला लागली, हसायलाही लागली, आणि एक दिवस भाजी निवडताना म्हणाली, "आई, मला परत लग्न करायचंय. तुझ्या ॲपवर टाक ना माझं."

"घाई काय आहे?"

"घाई नाही गं. एकटी राहू शकते मी, पण मला नाही राहायचं एकटीला. मला घर हवंय."

एवढं सरळ कुणी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तरी मी दोन आठवडे टाळलं, कारण मला आतली माहिती होती. ॲप मी चालवत होते. कोण कुठे खूण करतं ते मला दिसत होतं. मुलांच्या बहुतेक सगळ्या घरांनी एका ठरावीक चौकटीत खूण केलेली होती, आणि त्या घरांच्या फोनवर माझी मुलगी उमटणारच नव्हती. नकार यायलाही आधी दिसावं लागतं.

शेवटी एका दुपारी ती माझा फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मी शेजारी उभी राहून तोंडसुख घेत होते. लोक किती कोत्या मनाचे आहेत, हातात महागडे फोन आणि डोकं शंभर वर्षं मागे, स्वतःच्या पोराला डाळभात लावता येत नाही आणि म्हणे मुलगी अशी नको, तशी नको. चांगलीच रंगात आले होते. मुलगी फॉर्म भरत होती. या कुटुंबाची माहिती आधीच आहे, तीच वापरायची का, असं ॲपने विचारलं. ही सोय माझ्याच सुपीक डोक्यातली. एका घरातल्या दोन भावंडांना सगळं पुन्हा लिहायला नको. तिने 'हो' दाबलं. पत्ता आला, गाव आलं, गोत्र आलं. खाली अपेक्षांचा रकानाही भरून आला.

तिने तो मोठ्याने वाचला. "पदवीधर. उंची पाच-दोनच्या वर. घटस्फोटित नको." मग वर बघितलं. "हे दादाचं आहे ना?"

"हो."

"त्याने भरलेलं?"

तो तेव्हा बंगळुरात होता, त्याला सवड नव्हती. त्याच्यावर ढकलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "मी भरलेलं."

"कशाला गं?"

मला आठवेना. खरंच आठवेना. त्या चौकटीशी मी क्षणभर थांबल्याचंही आठवत नव्हतं. चौकट होती, खूण केली, पुढे गेले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खुर्ची ओढून खाली बसले.

"तेव्हा माझ्यासारखी कुणी आली असती तर?" तिने विचारलं. रागाने नाही.

"आल्या असतील," मी म्हणाले. "मला दिसल्या नाहीत."

तिने फोन माझ्यापुढे सरकवला. मग ती खूण काढायची कशी, असं तिने मला विचारलं, आणि मी दाखवलं.